सोयीचे कान

स्लो कुकरमध्ये टक् असं वाजलं आणि बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, "झालं वाटतं सूप." ती पाव कापत होती. सुरी पावात अर्ध्यावर थांबली. वाजलं म्हणजे असं कितीसं वाजलं. शिजवणं पुरे, आता नुसतं गरम ठेवायचं, असं त्या यंत्रानं आपल्याआपण ठरवलं की आत कुठेतरी एक खटका पडतो, लाल दिवा जाऊन पिवळा लागतो, बस. तो खटका तिला ऐकू यायचा, कारण ऐकणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग होता आणि शिवाय ती ओट्याशीच उभी होती. पण मधे भिंत, डोक्यावर पंखा, हातात वर्तमानपत्र आणि कानांत घालायची ऐकण्याची दोन्ही यंत्रं टीव्हीखालच्या खणात डबीत ठेवलेली, अशा माणसाला तो ऐकू यायचं काही कारण नव्हतं. घरात शिरतानाच तिनं खण अर्धवट उघडा बघितला होता, आत डबी बघितली होती, आणि रोजच्यासारखं त्यावर काही बोलायचं टाळलं होतं. आता तिनं सुरी पावातून बाहेर काढली आणि सुरीकडे बघत उभी राहिली.

वासावरून म्हणाला असेल. ही पहिली समजूत तिनं स्वतःच स्वतःची घातली. पण वास तर दुपारपासून घरभर असणार. वास काही ठरावीक क्षणी येऊन झालं म्हणून सांगत नाही. मग घड्याळ बघून म्हणाला असेल. पण घड्याळ त्याच्या खुर्चीच्या मागे होतं, त्यासाठी मान वळवावी लागली असती, आणि उगीच मान वळवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग सहज म्हणाला असेल, भूक लागली म्हणून. नेमका त्याच क्षणी? एकेक सबब ती मंडईतल्या भाजीसारखी उचलून बघत होती आणि परत ठेवत होती. एकही घ्यावीशी वाटेना. नवऱ्यासाठी सबबी शोधायची तिला सवय होती, चांगला हात बसला होता. आज मात्र हात चालत नव्हता. 

कुकर लेकीनं पाठवलेला, सूपही तिनंच फोनवर शिकवलेलं. "आई, तू दवाखान्यात असशील तेव्हा हा आपला शिजवत बसेल. सकाळी घाल, संध्याकाळी खा. एकच अट, मधे झाकण उघडायचं नाही. जीव गेला तरी नाही." नवऱ्यानं त्या कुकरचं नाव गोगलगाय ठेवलं. सकाळी कामावर निघायच्या गडबडीत ती गाजर, बटाटा, कांदा तळाशी घालायची, कारण या भांड्यात डाळीआधी गाजरच अडून बसतं. त्यावर धुतलेली हिरव्या वाटाण्याची डाळ, ठेचलेला लसूण, एक तमालपत्र आणि बेताचं पाणी. मीठ शेवटी. आधी घातलं की डाळ हट्टाला पेटते, दिवसभर शिजूनही दाणा दाणाच राहते. 'आमच्या घरात माझी डाळ शिजते ती त्या गोगलगायीपुढेच,' असं ती दवाखान्यात सांगायची आणि सगळ्याजणी हसायच्या. हसता हसता कुणीतरी विचारायचं, साहेबांना आवडतं का सूप? आवडत असावं, ती म्हणायची. विचारलं तर ऐकू कुठे येतं त्यांना.

तिचं काम कान तपासायचं. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि बाहेर बसून एकेक सूर आत सोडायचा; ऐकू आला की त्यानं हात वर करायचा. आधी मोठे सूर, मग लहान, मग इतके लहान की ऐकू आला की आठवला हे माणसाला सांगता येऊ नये. शाळेतून तपासणीला आणलेली मुलं तिला पींपीं मावशी म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिला कळलं होतं की माणसं दोन तऱ्हेचं खोटं बोलतात. म्हातारी माणसं ऐकू येत नसताना हात वर करतात, कारण बहिरं ठरायची लाज वाटते. आणि कारखान्याकडून भरपाई मागणारे, नको त्या साक्षीतून सुटू बघणारे, ते ऐकू येत असून हात मांडीवर दाबून ठेवतात. या दुसऱ्यांसाठी डॉक्टरांची एक साधी युक्ती होती. तपासणी संपली असं सांगून ते गप्पा मारायला बसत. तोंडापुढे कागद धरत, म्हणजे ओठ दिसू नयेत. बसा. जेवण झालं का? मुलं किती? मोठा काय करतो? प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा हळू. खरा बहिरा दुसऱ्या प्रश्नालाच अडायचा. खोटा बहिरा थोरल्या मुलाचं कौतुक सांगत सांगत कुजबुजीपर्यंत येऊन पोचायचा आणि मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून एकदम गप्प व्हायचा. काचेपलीकडून तिला ते बघायला मजा वाटायची. असल्या नवऱ्यांच्या बायकांना घरी काहीच कसं कळत नाही, याचंही तिला नवल वाटायचं.

"भाऊजींचे कान सोयीचे आहेत गं ताई," धाकटी बहीण एकदा म्हणाली होती. "मी चहा म्हटलं की बरोबर ऐकू येतं." तेव्हा ती बहिणीवर केवढी उखडली होती. मी स्वतः तपासलंय त्यांना, असं तिनं सुनावलं होतं, माझ्या हातांनी, तुला यातलं काय कळतं. बहिणीनं खांदे उडवले, पण पुढे ती या घरी आली की मुद्दाम मोठ्यानं, तुटक तुटक बोलायची, आणि नवरा तिच्या ओठांकडे बघून मान हलवायचा, आणि त्या दोघांचं ते नाटक बघताना तिला उगाचच जेवण जात नसे.

ती तपासणी झाली त्याच्या आधीची गोष्ट, आई दादाकडे होती. मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मग अंथरुणाला खिळली ती खिळलीच. दादा बोलायचा नाही. वहिनी बोलायची नाही. पण फोनवर वहिनीचा श्वास ऐकू यायचा, बोलण्याआधीचा एक जड श्वास, आणि तिच्या कानांना तो पुरे होता. आईला फोन दिला की आई विचारायची, तुझ्याकडे ऊन येतं का गं सकाळचं? एवढंच. मला न्यायला या, असं तिनं कधी म्हटलं नाही. ऊन येत होतं. ते आतल्या लहान खोलीत यायचं, जिथे नवऱ्याचं नकाशे काढायचं मोठं तिरकं टेबल होतं. तो नकाशे काढायचा, दुसऱ्यांच्या घरांचे, आणि कार्यालयातून आल्यावरही त्याला ते टेबल लागायचं. खाट लावायची तर टेबल हलवावं लागणार होतं. एका संध्याकाळी ती इथेच, याच ओट्याशी, डाळ धूत उभी होती आणि तो तिच्या मागे जेवणाच्या टेबलाशी ब्लेडनं पेन्सिल तासत बसला होता. नळ बारीक चालू होता. मागे वळायचं धैर्य झालं नाही म्हणून ती भिंतीकडे बघूनच म्हणाली, "आईला इथे आणू या का?"

त्यानंतर काय झालं ते तिला नीट ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं. ब्लेडची करकर थांबली. मग परत सुरू झाली. तेवढंच. कुणा दुसऱ्या बाईला ते थांबणं कळलंही नसतं. पण तिला नळाखाली, डाळीच्या सळसळीखाली ते स्पष्ट कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं ते कुठेतरी खोल खाली ढकललं. हात पदराला पुसत ती वळली आणि हसत म्हणाली, "ऐकू आलं नाही वाटतं?" त्यानं वर बघितलं. तिनं पुढे केलेलं ते वाक्य त्यानं निरखून बघितलं असावं, दुकानदारानं आपणहून उतरवलेला भाव गिऱ्हाईकानं निरखावा तसं. मग म्हणाला, "हं? काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली.

परत विचारणं म्हणजे भीक मागणं, असं तेव्हा तिला वाटलं. शिवाय त्याला ऐकूच आलं नव्हतं, मग घाई कसली, उद्या विचारू. उद्या विचारू, रविवारी विचारू, त्याचं हातातलं काम संपलं की विचारू. उन्हाळ्याच्या तोंडाला आई गेली, दादाच्या त्या अंधाऱ्या मधल्या खोलीत. नवऱ्यानं सगळं केलं. तिकिटं काढली, भटजीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी बोलला, दादाच्या खांद्यावर हात ठेवून बसला. जावई असावा तर असा, असं लोक म्हणाले, आणि तिनं ते ऐकलं. परत आल्यावर तिनं एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याला दवाखान्यात नेलं आणि काचेच्या खोलीत बसवलं. घरच्या माणसाची तपासणी घरच्यानं करू नये, असं डॉक्टर म्हणायचे. तिनं ऐकलं नाही.

ती संध्याकाळ आता सुरी हातात धरून उभी असताना तिच्यापुढे आली, पण आजवर यायची तशी नाही. काचेपलीकडे तो हेडफोन लावून बसला होता. तिनं पहिला सूर सोडला, मोठा. त्यानं हात वर केला. तिनं लहान सोडला. तो तिच्याकडे बघत होता. माणसं सहसा जमिनीकडे बघतात, डोळे मिटतात, श्वास धरतात. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. हात वर आला नाही. आणि त्या क्षणी तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं. ऐकू येत नाही याला. खरंच येत नाही. म्हणजे त्या दिवशीही आलं नव्हतं. तिनं आणखी लहान सूर सोडला, हात वर आला नाही, आणि ती आणखी सुटली. दर वेळी न उठलेल्या त्या हातानं आई थोडी थोडी तिच्यावरून दूर होत गेली. त्या संध्याकाळी काचेसमोर ती रडली होती आणि त्याला वाटलं असेल नवऱ्याच्या कानांसाठी रडते. की त्याला बरोबर कळलं होतं? सूर ऐकू येत होते, आणि तिचा उजळत जाणारा चेहरा दिसत होता, म्हणून त्यानं हात मांडीवर ठेवला? तिला जे हवं होतं ते त्यानं दिलं, असं तर नव्हे? हे सुचल्याबरोबर तिला त्याचा आधीपेक्षा जास्त राग आला. लबाडीचा राग करता येतो. या असल्या दयेचं काय करायचं.

खोट्या बहिऱ्यांना लावायची युक्ती तिनं त्याला लावली नव्हती. नवऱ्याला कोण लावतं. यंत्रं तिनंच निवडली, तिनंच त्याच्या कानांचे साचे घेतले, गुलाबी मेण कानांत भरून तो मुकाट बसला होता. यंत्रं घातल्यावर त्यानं डोळे बारीक केले. कर्कश वाटतं, म्हणाला, भांडी फार वाजतात. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं, ती म्हणाली, सवय होते. सवय झाली नाही. कानात खाज सुटते, डोकं दुखतं, उद्या घालतो. यंत्रांची बॅटरी संपतच नसे, आणि तिला त्याचं कौतुक वाटायचं, किती जपून वापरतात म्हणून. तिनं कपाळाला हात लावला. दवाखान्यात ती दुसऱ्यांच्या बायकांना हसत होती.

पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. सगळ्यात वाईट हे होतं की त्याच्या बहिरेपणात ती सुखानं राहिली होती. घरात एक माणूस आहे आणि त्याला ऐकू येत नाही, यात केवढी मोकळीक होती. या ओट्याशी उभं राहून ती हवं ते बोलली होती. भांडी घासताना, पोळपाट आपटताना, बहिणीशी फोनवर. एकदा त्याच्या खुर्चीमागे उभं राहून, त्याच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघत ती नेहमीच्या आवाजात म्हणाली होती, "तुमच्याशी लग्न केलं ना, तिथेच माझं वाटोळं झालं." आणि त्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. ते पान उलटणं तिला इतकं गंमतशीर वाटलं की तिनं बहिणीला सांगितलं. एकदा तो तापानं फणफणला होता तेव्हा ती उशाशी बसून म्हणाली होती, जा एकदाचे, मला त्या खोलीत ऊन खात बसू दे. त्या खोलीत आता कुणीच बसत नव्हतं. तिरक्या टेबलावर इस्त्रीचे कपडे पडून असत. त्यानं सगळं ऐकलं. पान उलटत शब्द न शब्द ऐकला, आणि संध्याकाळी येऊन बसला, जेवला, ताटात हात धुतला. तिला अंगावरचा कपडा ओढल्यासारखं झालं, आणि लाजेच्या मागोमाग परत राग आला, आणि दोन्हींतलं आधी कुठलं हे तिला सांगता येईना.

तिनं झाकण उघडलं. काचेवरचं पाणी गळून ओट्यावर पडलं. डाळ पार विरघळली होती, गाजरं बोटानं मोडतील इतकी मऊ, तमालपत्र काळं पडून वर आलं होतं. ते तिनं चमच्यानं काढलं. पाठ बाहेरच्या खोलीकडे होती. तिनं आपला नेहमीचा आवाज लावला, त्याच्यासाठी चढवलेला तो मोठा आवाज नव्हे, आपला.

"पाव भाजू का?"

"भाज," तो बाहेरून म्हणाला.

तिनं मीठ घातलं आणि आवाज खाली आणला.

"लोणी लावू?"

"थोडंच." खुर्ची सरकली. वर्तमानपत्र घेऊन तो आत आला आणि जेवणाच्या टेबलाशी, तिच्या मागे, त्याच्या जागेवर बसला. भूक लागली होती, बरं वाटत होतं त्याला; सूप असलं की त्याला बरं वाटायचं. तिनं वाडगं भरून मागे न बघताच टेबलावर ठेवलं. तो चमच्यानं ढवळायला लागला. तिनं वरचा पंखा लावला, ओट्यावरचा, वाफ बाहेर टाकायचा, आणि पावाला लोणी लावता लावता ओठांतल्या ओठांत विचारलं,

"लेकीचा फोन आला होता का?"

"दुपारी. उद्या परत करते म्हणाली, तू असशील तेव्हा."

काचेपलीकडून बघताना तिला या जागी हसू यायचं. आता आलं नाही. थोरल्या मुलाचं कौतुक सांगणाऱ्या त्या खोट्या बहिऱ्यांसारखाच तो कुजबुजीपर्यंत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. इथे थांबता येत होतं. पाव द्यावा, बसावं, जेवावं. माणसं यापेक्षा मोठमोठी खोटी पोटात घालून जगतात. तिनं लोण्याची सुरी खाली ठेवली. भिंतीकडे बघत, त्या दिवशीच्या आवाजात, तेवढ्याच हळू ती म्हणाली,

"आईला इथे आणू या का?"

चमचा थांबला.

ती वळली नाही. मग खुर्ची मागे सरकली, पावलं बाहेर गेली, खण उघडला, डबीचं झाकण वाजलं. तो परत येऊन बसला. "हं, आता बोल," तो म्हणाला. "काय म्हणालीस?"

तिनं वळून बघितलं. दोन्ही कानांत यंत्रं होती, नीट बसवलेली. दोन्हींची बॅटरीची दारं उघडी होती. उघडं दार म्हणजे यंत्र बंद, आणि बंद यंत्र कानात म्हणजे नुसता बोळा, हे ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगायची. तो कानांत बोळे घालून आला होता आणि तिला बोल म्हणत होता. त्याच्या तोंडावर तीच जुनी, थोडी पुढे झुकलेली, समजूतदार उत्सुकता होती. तिच्या जिभेवर 'काही नाही' आलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते तयारच होतं, दातांपर्यंत आलं होतं. ती ते बोलली असती तर त्यानं मान हलवली असती आणि सूप खाल्लं असतं.

तिनं हात पुसले. ती त्याच्या खुर्चीजवळ गेली आणि नखानं आधी उजव्या कानाचं दार लावलं, मग डाव्या. यंत्र चालू झालं की आत एक लहानशी धून वाजते, ती ज्याच्या कानात यंत्र त्यालाच ऐकू येते; त्याची पापणी हललेली तिनं बघितली. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आईला इथे आणू या का, असं विचारलं होतं."

धडधाकट कानांत तो आवाज किती मोठा होऊन गेला असेल हे तिच्याइतकं कुणाला कळणार. तो दचकून मागे झाला, डोळे घट्ट मिटले. तिला बरं वाटलं. बरं वाटल्याचं तिला काही वाटलं नाही. त्यानं दोन्ही यंत्रं काढली, हळूच, आणि वर्तमानपत्रावर ठेवली. यंत्रं तिथे बारीक शीळ घालत राहिली. तिनं ती उचलून बंद केली. मग आपलं वाडगं भरलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

दोघं जेवायला लागले. सूप छान झालं होतं, याचाही तिला राग आला. दाट, मऊ, मीठ बरोबर. पाव बुडवला की उभा राहत होता. तो वाडग्यात बघून खात होता. त्याचे कान तिला पहिल्यांदाच नीट दिसत होते, मोठे, लालसर, वरून केस आलेले. आईचं शेवटी कानांवरच सगळं राहिलं होतं. डोळे गेले होते, आणि दारात कोण आलं ते ती पावलांवरून ओळखायची, असं वहिनी नंतर सांगत होती. त्यानं चमचा खाली ठेवला. पाणी प्याला. परत चमचा घेतला आणि तो हातातच राहिला. ओट्यावरचा पंखा घरघरत होता आणि त्या घरघरीखाली, वाडग्याकडे बघत, तिनं घेतला होता त्याहूनही हळू आवाजात तो म्हणाला,

"मला वाटलं होतं, तू परत एकदा विचारशील."

तिला ते ऐकू आलं. शब्द न शब्द ऐकू आला, त्यातला श्वास ऐकू आला, 'परत'वर आवाज थोडा फाटला तोही ऐकू आला. याच वाक्याची, किंवा याच्यासारख्या कुठल्याही एका वाक्याची, ती या स्वयंपाकघरात किती वर्षं वाट बघत होती. त्यावर बोलण्यासारखं दोघांकडे पुष्कळ होतं आणि वेळही होता. तिनं पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला, तोंडात घातला, नीट चावून गिळला.

"हं?" ती म्हणाली. "काय म्हणालात?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. काचेपलीकडून बघितलं होतं तसंच, तोंडाकडे, बराच वेळ. तिनं चेहरा हलू दिला नाही.

"काही नाही," तो म्हणाला.